गोटूमामाचे दोन घरचे पाहुणे

गोटूमामाच्या घरी जाऊन बेल वाजवली की आधी दार उघडत नसे, आतून आकडे ऐकू येत. "दहा, फाटकाची कडी लाव. वीस, चपला बाहेर. तीस, आता कोण ते सांग." एवढं ऐकून घेतल्याशिवाय देवासच्या त्या घरात कुणालाही प्रवेश नव्हता, दूधवाल्यालासुद्धा. बोलताना वाक्यांना नंबर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या आईचा सख्खा भाऊ निघाला, त्याला माझा इलाज नाही.

नंबर दहा-दहानेच का, असं एखाद्या नवख्याने विचारलं की मामाचा चेहरा खुलायचा. "मध्ये जागा ठेवावी, भिया. दहा आणि वीसच्या मध्ये काही राहून गेलं असलं तर पंधरा नंबर घुसवता येतो. एक-दोन-तीन केलंत की संपलात." हे शहाणपण त्याला कॉम्प्युटरने दिलं होतं. मामा विज्ञानाचा मास्तर. फार पूर्वी त्याच्या शाळेत टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा एक कॉम्प्युटर आला. कुणालाच कळेना त्याचं काय करायचं, म्हणून हेडमास्तरांनी तो विज्ञानाच्या मास्तराच्या गळ्यात बांधला. त्या यंत्राला हुकूम सोडायचे तर प्रत्येक ओळीला नंबर लागे, आणि इंग्रजीतलं 'गो टू' जोडून 'गोटू दहा' असं लिहिलं की ते मुकाट्याने दहाव्या ओळीवर परत जाई. मामा वर्गातही तेच करू लागला. कुणाची व्याख्या चुकली की गरजायचा, "गोटू दहा," म्हणजे पहिल्यापासून म्हण. पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं, आणि ते नाव शाळेतून घरी येऊन असं चिकटलं की माझी आईसुद्धा राखीच्या पाकिटावर 'चि. गोटू' लिहू लागली.

पुढे शाळेने कॉम्प्युटर भंगारात काढला आणि मामाला वय झालं म्हणून सेवेतून काढलं, दोन्ही एकाच सुमारास. मामा त्याला रिक्षात घालून घरी घेऊन आला. वत्सलामामीचं म्हणणं असं की भंगार एकच येणार होतं, आली दोन.

मामीचा राग कॉम्प्युटरवर नव्हता, कॅसेटवर होता. ते यंत्र बंद केलं की सगळं विसरायचं. म्हणून लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर उतरवून ठेवावा लागे आणि पुढच्या वेळी टेपरेकॉर्डर लावून पुन्हा त्याला ऐकवावा लागे. कोरी कॅसेट आता मिळते कुठे? मामाने मामीच्या तरुणपणच्या भोंडल्याच्या गाण्यांची कॅसेट उचलली. तेव्हापासून मामाच्या घरी खेळ सुरू व्हायचा तो असा: आधी मामीच्या गोड आवाजात अर्धी ओळ, मग कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं केकाटणं, आणि मग पडद्यावर चौकोन. "माझ्या गाण्यापेक्षा हे बरं वाटतं का हो तुम्हाला?" मामी विचारायची. मामा तिला शांतपणे सांगायचा, "यात अर्थ आहे."

चौकोनांचा हा खेळ मामाची शेवटच्या काही वर्षांची कमाई. खेळ अगदी साधा. पडद्यावर नंबर घातलेले चौकोन, प्रत्येकाखाली एक शब्द लपलेला. दोन नंबर सांगायचे, दोन शब्द उघडायचे. जोडी जमली तर उघडी राहते, नाही तर पुन्हा झाकली जाते, आणि कुठे काय होतं ते खेळणाऱ्याने लक्षात ठेवायचं. दर रविवारी आमच्या लोकांची पोरं तिथे जमत. आडनावं अस्सल मराठी, जिभा अस्सल हिंदी, आणि येण्याचं कारण मामीच्या चकल्या. त्यांना खेळता खेळता मराठी यावी असा मामाचा बेत होता. म्हणून एका चौकोनात मराठी शब्द, दुसऱ्यात हिंदी: भोपळा आणि कद्दू, डाळिंब आणि अनार. यंत्राला देवनागरी येत नव्हती, सगळं इंग्रजी अक्षरांत. मामाने 'आई' हा शब्द दोनच अक्षरांत भागवला होता. एक पोरगी तो वाचून म्हणाली, "दादाजी, इसमें एआय भी है?" मामा म्हणाला, "आहे. सगळ्यांच्या घरी असते. तुझ्याही घरी आहे, तीच तुला डबा देते."

या खेळात मामा कधी हरत नसे. पोरांना वाटे, म्हाताऱ्याची स्मरणशक्ती अचाट आहे. खरी गोष्ट अशी की ते यंत्र चालू केल्यावर पहिला डाव दर वेळी एकाच क्रमाने मांडायचं आणि मामाला तो क्रम तोंडपाठ होता. मी त्याला म्हटलं, "मामा, ही तर चीटिंग आहे." तो म्हणाला, "मास्तराला उत्तर आधीच माहीत असतं. त्याला चीटिंग नाही म्हणत, त्याला पगार म्हणतात."

आता भाऊमामाबद्दल सांगायला हवं, कारण गोटूमामाबद्दल काहीही सांगायचं तर ते धारला जाऊन पोचतंच. भाऊमामा म्हणजे मामाचा थोरला भाऊ. तो धारला. त्याची उभी हयात तिथल्या कोर्टात बाबूगिरी करण्यात गेली. कोणत्या दाव्याची कोणती तारीख, हे वकील त्याला विचारत. थोरली मामी, म्हणजे त्याची बायको, वारल्यावर एकटाच राहायचा. देवास हे मुळात दोन सख्ख्या भावांनी वाटून घेतलेलं गाव, थोरली पाती आणि धाकटी पाती. तिथल्या हवेतच असेल काही, पण आमच्या मामालोकांनीही तीच तऱ्हा केली. फरक इतकाच की त्या भावांनी राज्य वाटून घेतलं, यांच्याकडे वाटून घ्यायला गणपतीचं एक मंडळ होतं.

धारच्या त्या मंडळाचा भाऊमामा अध्यक्ष आणि गोटूमामा सचिव. सचिव देवासला राहून काय करतो, असं कुणी विचारत नसे, कारण धारला राहून अध्यक्षही काही करत नसे. दर वर्षी गणपतीत मामा-मामी धारला जात, दहा दिवस दोघे भाऊ एका ताटात जेवत आणि उरलेला काळ त्याच्या गप्पा मारत. एका वर्षी महाप्रसादावरून वाजलं. मामाला पुरणपोळी आणि मसालेभात हवा होता, भाऊमामाने दाल-बाफल्यांचं, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, ठरवलं होतं. मामा भर बैठकीत म्हणाला, "बाफला हा काय गणपतीचा नैवेद्य झाला?" भाऊमामा म्हणाला, "पुण्याहून इकडे आला तेव्हा गणपतीलाही बाफला पचवायला शिकावं लागलं. तू शीक." लोक हसले. मामा उठून देवासला निघून आला.

हे एवढ्यावरच मिटलं असतं. पण दोन-चार दिवसांनी भाऊमामाचा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. ग्रुपचा कारभार हिंदीत, कारण तरुण मंडळींना मराठी वाचता येत नाही. भाऊमामाने लिहिलं, "मेरा तो कहना है, अब राजीनामा हो जाए तो अच्छा है." मामाने ते वाचलं. सख्ख्या भावाने चारचौघांत राजीनामा मागावा? त्याने तिथल्या तिथे दिला. असा तसा नाही, शुद्ध पुस्तकी मराठीत, 'आपल्या आज्ञेस मान देऊन' वगैरे, सचिवपद सोडलं आणि वर धारच्या उंबऱ्यावर पाऊल न टाकण्याची प्रतिज्ञा जोडली. जुन्या लोकांनी ते वाचून माना हलवल्या. तरुणांना त्यातलं अक्षर लागलं नाही. त्यांना वाटलं काकांनी काहीतरी शुभेच्छा पाठवल्यात, म्हणून खाली ओळीने 'बधाई हो काकासाब' आणि फुलांचे गुच्छ. आम्हा बायकांना त्या ग्रुपात कुणी घेतलं नव्हतं, लाडू वळायला तेवढं घेत. त्यामुळे मला मामाकडून कळलं ते एकच वाक्य: "भाऊने माझा राजीनामा मागितला."

त्यानंतर कित्येक गणपती आले नि गेले, मामा धारला गेला नाही आणि भाऊमामाने बोलावलं नाही. मामा म्हणायचा, "मला काय फरक पडून राहिलाय? बस वाचली." पण फरक पडत होता, आणि तो आंधळ्यालाही दिसला असता. जेवताना धारचं नाव निघालं की मामा ताटावरून उठायचा. कुणी धारहून आलं की स्वतः विचारायचा नाही, मामीला खुणेने विचारायला लावायचा: भाऊची खोकल्याची औषधं चालू आहेत का, जेवायला कोण करतं. त्याला भाऊ हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी या घरात कुणाकडे नंबर नव्हता.

मी देवासच्या एका शाळेत हिंदी शिकवते. मामा मला 'फितूर' म्हणायचा, आणि कामापुरता फितुराला घरात घ्यायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मला बोलावून घेतलं. भोपळे-डाळिंबं पोरांना पाठ झाली होती, आता त्याला फसवे शब्द हवे होते. दिसायला हिंदी-मराठीत एकच, पण अर्थ इथे एक आणि तिथे दुसरा. एका चौकोनात शब्द, दुसऱ्यात त्याचा हिंदी अर्थ मराठीत सांगितलेला. खेळाला नावही ठरलेलं होतं, 'दोन घरचा पाहुणा'. "म्हण अशी आहे की तो उपाशी राहतो," मी आठवण करून दिली. "म्हणूनच," मामा म्हणाला. "आपणच की ते."

पंख्याखाली टीव्ही लावून आम्ही बसलो. मी शब्द सांगत होते, मामा एका बोटाने रबरी बटणं दाबत होता. शिक्षा: मराठीत होते, हिंदीत मिळते. मामा म्हणाला, "आमच्या शाळेत दोन्ही एकाच छडीने." चेष्टा: मराठीत टिंगल, हिंदीत प्रयत्न. संसार: मराठीत चूल, हिंदीत अख्खं जग. "फरक नाही," स्वयंपाकघरातून मामी. यातायात, प्रकृती, खाली. मामाची कळी खुलली होती. मीही रंगात आले होते. तेवढ्या ओघात मी म्हणाले, "आणि राजीनामा. मराठीत माणूस नोकरी सोडतो, हिंदीत भांडण सोडतो."

मामाचं बोट बटणावर थांबलं. "काय म्हणालीस?"

"राजीनामा. राजी होणं, म्हणजे समेट. कोर्टात रोज चालतं ना. दोन्ही पक्षांनी राजीनामा केला की दावा निकाली."

"कोर्टात," मामा म्हणाला. खिशातून फोन काढला, अंगठ्याने खूप मागे मागे गेला आणि माझ्यापुढे धरला. तो निरोप त्याने जपून ठेवला होता. मी वाचला. अब राजीनामा हो जाए तो अच्छा है. मला आधी हसू फुटलं, मग मामाकडे पाहिलं आणि ते तोंडातच राहिलं. जन्मभर पोरांना व्याख्या चुकली म्हणून उभं करणारा माणूस आता स्वतःच उठून उभा राहिला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या दोघांचाही सारखाच राग आला.

"मी तेव्हापासून सांगते आहे, फोन करा म्हणून," मामी दारात येऊन म्हणाली.

"तू सांगत होतीस भाजी आणा म्हणून," मामा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

फोन आत्ताच कर, मी म्हटलं. मामा तयार होईना. "फोनवर गाढवपणा कबूल केला तर तो म्हणेल, लेखी द्या. मी ओळखतो त्याला." माफी मागणं मामाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण भावाशी बोलायचं तर होतं, आणि बोलावं लागू नये असंही होतं. पंख्याकडे बघत बसून त्याने तोड काढली ती त्याच्याच डोक्यात येऊ शकते. हा खेळ धारला न्यायचा आणि भाऊपुढे मांडायचा. भाऊ चौकोन उघडेल, एकाखाली राजीनामा, एकाखाली समेट, जोडी जमेल, यंत्रच सगळं सांगेल. आपण फक्त शेजारी बसायचं. त्याने चाळीस आणि पन्नासच्या मध्ये पंचेचाळीस नंबरची ओळ घातली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

एका सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. कॉम्प्युटर मामाच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही मामीच्या. "लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मोठं दिलंय," मामी म्हणाली. इंदूर ओलांडेपर्यंत मामा घोकत होता: दारात काय म्हणायचं, कुठे बसायचं, प्लग कुठल्या भिंतीला आहे. धार जवळ आलं तसा गप्प झाला. तालाब दिसल्यावर मला म्हणाला, "मीनू, गाडी जरा हळू घे." मी आधीच तीसने चालवत होते.

भाऊमामाने दार उघडलं. वाळला होता. धाकट्या भावाकडे बघून म्हणाला, "या. बसा आपण." घरात आजवर कुणी कुणाला आपण म्हटलं नव्हतं. मामा घोकलेलं सगळं विसरला आणि म्हणाला, "प्लग कुठे आहे?" मग टीव्ही मांडणं, तारा जोडणं, टेपरेकॉर्डर. मामीच्या गाण्याची अर्धी ओळ वाजली तेव्हा भाऊमामाने चमकून तिच्याकडे पाहिलं. केकाटणं संपून चौकोन आले.

"हे काय वयाला शोभतं?" भाऊमामा म्हणाला.

"मेंदूला चांगलं असतं," मामा म्हणाला. "दोन नंबर सांगायचे."

भाऊमामा न्यायाधीशासारखा खुर्चीत टेकून नंबर सांगू लागला. शिक्षा उघडली, शिक्षण उघडलं. संसार आणि जग. जोड्या पटापट जमत होत्या. सात नंबरखाली राजीनामा निघाला. भाऊमामाने चष्मा वर केला, नीट वाचलं, आणि दुसरा नंबर भलताच सांगितला. झाकलं गेलं. थोड्या वेळाने दोन नंबरखाली समेट निघाला. आता सांगेल सात, असं वाटून मामा खुर्चीच्या कडेला सरकला. भाऊमामा म्हणाला, "अकरा."

असं तीनदा झालं. "भाऊ, सातला काय होतं?" मामाने विचारलं. "विसरलो बुवा." "आणि दोनला?" "दोन मी उघडला होता?" मला वाटलं, गेलं, एकटं राहून राहून याचं सगळं गेलं. शेवटी पडद्यावर चारच चौकोन उरले. आता मांजराच्या पिल्लालाही जोडी लागली असती. भाऊमामा सात म्हणाला, मग चार म्हणाला. पुन्हा दोन म्हणाला, मग नऊ म्हणाला. मामाच्या कपाळावरची शीर दिसू लागली. क्रम त्याला पाठ होता, उत्तर तोंडात होतं, आणि सांगितलं तर सगळा बेत फसणार होता. भाऊमामाने पुन्हा 'सात, चार' म्हटलं आणि मामा उभा राहिला.

"अरे सात आणि दोन. राजीनामा आणि समेट. एकच आहे ते. तू समेट म्हणालास आणि मी राजीनामा देऊन बसलो. मला कळलंच नाही. इतकी वर्षं. गाढव आहे गाढव."

"कोण?" भाऊमामाने विचारलं.

"मी."

"जरा मोठ्याने. मला कमी ऐकू येतं."

"मी गाढव," मामा ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. भाऊमामा उठला, त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि मामीला म्हणाला, "वत्सला, कुकर लाव. हा जेवल्याशिवाय जायचा नाही." मामीने डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "बाफले करू की पुरण?" दोघे एकदम बोलले, आणि अर्थातच वेगवेगळं बोलले.

मामा त्या खेपेला धारला महिनाभर राहिला. नंतर वरचेवर जात राहिला. गणपतीत दोघे परत भांडले, पण एकाच खोलीत. टीव्ही आणि कॉम्प्युटर धारलाच ठेवले, न्यायला-आणायला मामी तयार नव्हती. थंडीत मामा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तो मला रोज आठवतो असं म्हणणार नाही, पण वर्गात कुणी व्याख्या चुकलं की माझ्या तोंडात त्याचे शब्द येतात आणि ते मला गिळावे लागतात.

मामाचे तेरा दिवस झाल्यावर, देवासला आलेल्या भाऊमामाला पोचवायला मी धारला गेले. वाटेत तो वकिलांची नावं आणि जुन्या दाव्यांच्या तारखा एकामागून एक सांगत होता, एकाही ठिकाणी अडखळत नव्हता. ऐकता ऐकता मला संशय आला. घरी पोचल्यावर त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊमामा, त्या दिवशी ती जोडी तुला खरंच आठवत नव्हती?"

त्याने पेला खाली ठेवला.

"पहिल्याच खेपेला दिसली होती," तो म्हणाला. "पण मी लावली असती तर ते टीव्हीने सांगितलं असतं, मीनू. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं."